त्रिमितीय आलेखाचे ॲप : पृष्ठ फिरवण्याआधी त्याचे छेद घ्या

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे : मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, घरात दहा इंची टॅबलेट आहे आणि त्यावर तिने त्रिमितीय आलेख काढणारे एक मोफत ॲप घेतले आहे. सूत्र टाकले की रंगीत पृष्ठ दिसते आणि बोटाने हवे तसे फिरवता येते, पण तासभर फिरवूनही दुहेरी संकलनाच्या मर्यादा कशा लिहायच्या ते तिला उमगत नाही. त्यातच एका उदाहरणात ॲपवरच्या चित्रावरून लिमिट (एखाद्या बिंदूजवळ जाताना सूत्राची किंमत ज्या आकड्याकडे जाते तो) शून्य वाटते आणि पुस्तक सांगते की लिमिट अस्तित्वातच नाही. त्यामुळे ॲप चुकीचे आहे का, विकतचे घ्यावे का, की मोठा टॅबलेट आणावा, असे आपण विचारले आहे.

सरळ उत्तर आधी देतो. ॲप विकत घेऊ नका आणि टॅबलेटही बदलू नका. मी नाशिकमध्ये गेली २४ वर्षे पदवीच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवतो आहे आणि त्यांतली शेवटची दहा-बारा वर्षे टॅबलेट हाताशी ठेवून शिकवतो आहे. आपल्या मुलीची अडचण मला दर वर्षी वर्गात भेटते. ती संपूर्ण पृष्ठ एकदम समजून घ्यायला बघते आहे. डोळ्याला ते जमल्यासारखे वाटते, पण वहीवर उतरवायची वेळ आली की हातात काही उरत नाही. पृष्ठ समजते ते त्याच्या छेदांवरून, म्हणजे सपाट प्रतलाने कापल्यावर दिसणाऱ्या वक्रांवरून, आणि छेद घेण्याचे काम ॲप आपणहून करत नाही, आपल्याला त्याच्याकडून करून घ्यावे लागते.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मुलीला प्रतलातले वक्र, म्हणजे अन्वस्त, विवृत्त, अपास्त (पॅराबोला, इलिप्स, हायपरबोला), सूत्र पाहताच हाताने काढता येतात का? येत नसतील, तर त्रिमितीचे ॲप तूर्त बाजूला ठेवून पहिले दोन आठवडे त्यांनाच द्यावेत, कारण पुढचे सगळे त्याच वक्रांवर उभे आहे. टॅबलेट फारच जुना असेल आणि पृष्ठ फिरवताना अडखळत असेल, तर खाली सांगितलेल्या काही गोष्टी संथ चालतील, पण चालतील. आणि घरी इंटरनेटचा भरवसा नसेल तर ॲपची निवड त्यावरून ठरवावी लागेल.

निवडीचे आधी संपवतो, कारण त्यात फार बोलण्यासारखे नाही. जिओजेब्रा हे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेले काम आहे. त्याचे थ्रीडी कॅल्क्युलेटर हे ॲप मोफत आहे आणि एकदा टॅबलेटवर घेतले की इंटरनेटशिवाय चालते. डेस्मॉस हे आलेखाचे दुसरे साधन, त्याचा त्रिमितीय आलेख २०२३ मध्ये आला. तो ब्राउझरमध्ये उघडतो, दिसायला स्वच्छ आहे आणि सूत्र टाइप करायला अधिक सुटसुटीत आहे. मी वर्गात जिओजेब्रा वापरतो, कारण वर्गातल्या वायफायवर मी विसंबून राहू शकत नाही. आपल्या मुलीकडे यांपैकी कोणतेही असेल तर तेच ठेवा. तिसरेच काही असेल, तर त्यात स्लायडर (बोटाने सरकवून एखादा आकडा बदलण्याची पट्टी) आहे का आणि प्रत्येक अक्षाची मर्यादा वेगळी देता येते का, एवढे दोनच पाहा. या दोन सोयी नसतील तर मात्र बदला.

यापुढे सूत्रांत मी क्ष, य आणि झ ही अक्षरे वापरतो. टॅबलेटवर टाइप करताना ती अनुक्रमे एक्स, वाय आणि झेड समजावीत.

ॲप चुकीचे आहे का, या प्रश्नाकडे आता येतो, कारण तो महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मुलीला कळले पाहिजे. झ = क्ष² + य² असे सूत्र दिले की ॲप पृष्ठावरचा प्रत्येक बिंदू काढत नाही, काढू शकतही नाही. ते क्ष-य प्रतलावर एक जाळी टाकते, जाळीच्या प्रत्येक गाठीवर सूत्राची किंमत काढते, त्या उंचीवर एक बिंदू ठेवते आणि शेजारशेजारचे बिंदू लहान लहान त्रिकोणांनी जोडते. समजा, −१० ते १० या मर्यादेत प्रत्येक बाजूला ४१ गाठी आहेत, म्हणजे दोन गाठींमधले अंतर ०.५. एकूण गाठी १६८१, चौकोन १६०० आणि त्रिकोण ३२००. हे त्रिकोण रंगवले आणि कडा मऊ केल्या की आपल्याला गुळगुळीत पृष्ठ दिसते. प्रत्यक्षातली ॲपे याहून बारीक जाळी घेतात आणि काही ठिकाणी ती आणखी बारीक करतात, पण तत्त्व हेच आहे. दोन गाठींच्या मध्ये सूत्र काय करते याची ॲपला काहीही कल्पना नसते.

याच जाळीवर झ = साइन(४ × पाय × क्ष) हे सूत्र ठेवून पाहा (पाय म्हणजे π). क्ष ची प्रत्येक गाठ ०.५ च्या पटीत आहे, त्यामुळे प्रत्येक गाठीवर कोन २ पायच्या पूर्ण पटीत येतो आणि साइनची किंमत शून्य येते. वीस एककांच्या त्या अंतरात खरे फल (फंक्शन) चाळीस लाटा मारते आणि जाळीवरचे चित्र मात्र टेबलासारखे सपाट येते. मी हे उदाहरण दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर आकडे मांडून करून दाखवतो, कारण एकदा हे पाहिले की मुले पडद्यावरचे चित्र पुरावा म्हणून मानायचे थांबवतात आणि सूत्राकडे परत जातात.

मुलीला अडलेले उदाहरण आपण लिहिले आहे, ते असे : झ = क्ष²य / (क्ष⁴ + य²), आणि आरंभबिंदूपाशी, म्हणजे (०, ०) पाशी, लिमिट. कागदावर काय होते ते आधी पाहू. आरंभबिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेवरून आलात तर किंमत शून्याकडे जाते. पण य = क्ष² या अन्वस्तावरून आलात, तर वर क्ष⁴ आणि खाली २क्ष⁴ येते, म्हणजे किंमत सतत १/२ राहते. दोन वाटांनी दोन वेगळी उत्तरे आली, म्हणून लिमिट नाही. पुस्तक बरोबर आहे.

आता तेच ०.५ अंतराच्या जाळीवर पाहू. आरंभबिंदूच्या गाठीवर शून्य भागिले शून्य येते, त्यामुळे ॲप ती जागा मोकळी सोडते किंवा शेजारच्या किमतींवरून बुजवते. भोवतालच्या आठ गाठींपैकी अक्षांवरच्या चार गाठींवर किंमत शून्य आहे. (०.५, ०.५) या गाठीवर ०.१२५ भागिले ०.३१२५, म्हणजे ०.४ येते, आणि य च्या ऋण बाजूला −०.४ येते. पृष्ठावर अन्वस्ताच्या वरून जाणारी एक धार आहे. ती (१, १), (२, ४), (३, ९) या गाठींवर नेमकी ०.५ उंचीवर आहे. चित्रात मात्र ती आरंभबिंदूजवळ येताना ०.४ वर उतरते आणि मध्यावर शून्यात मिसळते. मुलीने धार उतरताना पाहिली आणि लिमिट शून्य असा निष्कर्ष काढला. त्या चित्रावरून दुसरा निष्कर्ष निघणे अवघडच होते.

यानंतर तिने दोन बोटांनी चित्र मोठे केले असणार. कोणीही तेच करील, आणि इथेच ती अधिक खोल फसली असणार. दोन्ही अक्षांवर −०.१ ते ०.१ एवढाच भाग घेतला तर गाठींमधले अंतर ०.००५ होते. क्ष = ०.१ असताना धार य = ०.०१ वर आहे, तिथे गाठ आहे आणि उंची ०.५ मिळते. क्ष = ०.०५ असताना धार य = ०.००२५ वर आहे, तिथे गाठच नाही, आणि पुढच्या गाठीवर ०.४ मिळते. क्ष = ०.०१ वर आलो की धार य = ०.०००१ वर, जवळजवळ क्ष-अक्षाला चिकटून धावते. तिच्या एका बाजूची गाठ शून्य सांगते, दुसऱ्या बाजूची ०.०२ सांगते आणि धार दोन्हींच्या मधून निसटून जाते. चित्र जितके मोठे करावे तितके मध्यावरचे पृष्ठ अधिक सपाट आणि अधिक खात्रीचे दिसते. आपल्या मुलीच्या डोळ्यांनी काही चूक केली नाही, हे तिला आवर्जून सांगा.

हेच ॲप तिला खरे उत्तरही दाखवू शकते. आधी दोन्ही अक्ष −१ ते १ ठेवून चित्र पाहावे. मग क्ष ला −०.१ ते ०.१ आणि य ला −०.०१ ते ०.०१ अशा वेगवेगळ्या मर्यादा द्याव्यात आणि दोन्ही बाजू पडद्यावर सारख्याच लांबीच्या दिसतील अशी मोजपट्टी ठेवावी. चित्र हुबेहूब पहिल्यासारखेच येते. क्ष दहापट आणि य शंभरपट लहान केला तर सूत्राची किंमत बदलतच नाही. वर दहा हजारपट घट होते, खालीही तेवढीच होते. आता पुन्हा दहापट आणि शंभरपट आत शिरले तरी धार त्याच ०.५ उंचीवर उभी असते, कधीच खाली उतरत नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे पृष्ठावर वक्र काढणे. य = म × क्ष² या वाटेवर सूत्राची किंमत म / (१ + म²) येते. म साठी स्लायडर घ्यावा आणि (ट, म × ट², म / (१ + म²)) हा वक्र काढावा; ट ही वक्रावर बिंदू सरकवणारी संख्या. म = १ ला वक्र ०.५ उंचीवर, म = २ ला ०.४ उंचीवर, म = ०ला तळाशी. स्लायडर सरकवताना वक्र वरखाली होतो आणि प्रत्येक वेळी आरंभबिंदूपर्यंत आपली उंची न सोडता जातो. लिमिट का नाही, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, छेदांचा. टॅबलेट नवा होता तेव्हा मी एका वर्गात खोगिराच्या आकाराचे पृष्ठ पडद्यावर लावले आणि पूर्ण तास ते सर्व बाजूंनी फिरवून दाखवले. मुले रमली होती, मलाही तास उत्तम झाल्याचे वाटले. पुढच्या आठवड्याच्या चाचणीत त्याच पृष्ठाचा य = १ येथील छेद काढा असे विचारले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी खोगिराचे संपूर्ण चित्र काढण्याचा प्रयत्न केला होता आणि साधा अन्वस्त फारच थोड्यांच्या वहीत होता. ती चाचणी तपासताना मला फार वाईट वाटले, कारण चूक मुलांची नव्हती. मी त्यांना पाहायला शिकवले होते, कापायला शिकवले नव्हते. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे : पृष्ठ फिरवण्याआधी तीन छेद वहीत काढायचे, एक क्ष स्थिर ठेवून, एक य स्थिर ठेवून आणि एक झ स्थिर ठेवून. मगच ॲप उघडायचे.

झ = क्ष² − य² हेच घ्या. य = ० ठेवले तर झ = क्ष², वर उघडणारा अन्वस्त. क्ष = ० ठेवले तर झ = −य², खाली उघडणारा अन्वस्त. म्हणजे आरंभबिंदू एका दिशेने पाहता सर्वांत खालचा बिंदू आहे आणि दुसऱ्या दिशेने पाहता सर्वांत वरचा. त्र्यंबकच्या बाजूला डोंगर चढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगायला मला एकच शब्द पुरतो, खिंड. डोंगराच्या धारेवरून चालत आलात तर खिंड ही सर्वांत खालची जागा असते, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरायला निघालात तर तीच सर्वांत उंच जागा असते. पुस्तकात त्याला सॅडल पॉइंट म्हणतात. दोन्ही छेद वहीत काढलेले असले म्हणजे दुसऱ्या आंशिक विकलजांची चिन्हे परस्परविरुद्ध का येतात, हे पाठ करावे लागत नाही.

झ स्थिर ठेवून घेतलेला छेद मुलांना सर्वांत अवघड वाटतो आणि संकलनासाठी तोच सर्वांत उपयोगी पडतो, म्हणून त्याच्यावर मी जास्त वेळ घालवतो. नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला की पहिला प्रश्न असतो, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, यावरून पंचवटीतले आणि गोदाकाठचे लोक पुराचा अंदाज बांधतात. मूर्ती ही झ-अक्षावरची मोजपट्टी आहे आणि पाण्याची पातळी म्हणजे झ = क हे आडवे प्रतल आहे. त्या पातळीला पाणी जमिनीला जिथे जिथे टेकते ती काठाची रेषा म्हणजे समोच्च रेषा. ॲपमध्ये एक पृष्ठ काढावे, दुसऱ्या ओळीत झ = क लिहावे, क साठी स्लायडर घ्यावा आणि प्रतलाला अर्धपारदर्शक निळा रंग द्यावा. स्लायडर सरकवला की पाणी चढते.

यासाठी माझे आवडते पृष्ठ झ = क्ष⁴ − 2क्ष² + य² हे आहे. क ची किंमत −१ च्या खाली असताना जमीन सगळी कोरडी असते. −१ ला (१, ०) आणि (−१, ०) या दोन ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब दिसतो. ती दोन स्थानिक किमान मूल्ये. पाणी चढत जाते तशी दोन स्वतंत्र तळी तयार होतात आणि वाढत जातात. क = ० ला ती आरंभबिंदूपाशी एकमेकांना टेकतात, काठाची रेषा आडव्या फुलीसारखी स्वतःला छेदते, आणि क शून्याच्या किंचित वर गेला की दोन तळ्यांचे एकच तळे होते. जिथे ती मिळाली ती खिंड. आपल्या मुलीला हा स्लायडर स्वतःच्या बोटाने अगदी सावकाश, −१.२ पासून ०.५ पर्यंत सरकवू द्या, आणि प्रत्येक टप्प्याला काठाची रेषा वहीत काढायला सांगा. या एका पृष्ठावर अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही.

आता संकलनाच्या मर्यादा. दर वर्षी हमखास चुकणारे एक उदाहरण घेतो. क्ष² + य² = २क्ष या वृत्तचितीच्या आत, झ = क्ष² + य² या पृष्ठाखाली आणि झ = ० च्या वर जो भाग येतो त्याचे घनफळ काढायचे आहे. विद्यार्थी ध्रुवीय निर्देशकांत (आरंभबिंदूपासूनचे अंतर आर आणि कोन थीटा) जातो, आर ची मर्यादा ० ते २ कॉस थीटा अशी बरोबर लिहितो आणि थीटाची मर्यादा सवयीने ० ते २ पाय अशी लिहून मोकळा होतो. उत्तर ३ पाय येते. खरे उत्तर त्याच्या निम्मे, म्हणजे पायच्या दीडपट आहे.

ॲपमध्ये दोन्ही पृष्ठे काढून फिरवत बसले तर वाटीतून आरपार गेलेली एक नळी दिसते. देखणी दिसते, पण मर्यादांबद्दल काही सांगत नाही. आता वरून पाहण्याची सोय वापरावी, म्हणजे झ-अक्ष थेट डोळ्याकडे येईल आणि पडद्यावर फक्त क्ष-य प्रतल उरेल. नळीचे वर्तुळ होते. त्याचे केंद्र (१, ०) आहे, त्रिज्या १ आहे, आणि ते संपूर्ण वर्तुळ य-अक्षाच्या उजव्या बाजूला असून य-अक्षाला फक्त आरंभबिंदूपाशी टेकते. याच दृश्यात आरंभबिंदूतून निघणारा एक किरण काढावा आणि त्याच्या कोनाला स्लायडर द्यावा. कोन उणे नव्वद अंशांपासून अधिक नव्वद अंशांपर्यंत सरकवला की किरण वर्तुळातून जातो, त्यापुढे तो वर्तुळाला शिवतच नाही. मर्यादा डोळ्यासमोर उभी राहिली : थीटा उणे पाय/२ ते पाय/२. नव्वद अंशांच्या पुढे कॉस ऋण होतो, आर ऋण येतो आणि तेच वर्तुळ दुसऱ्यांदा मोजले जाते, म्हणून उत्तर दुप्पट येत होते.

उत्तर पडताळण्याची एक साधी रीतही तिला शिकवा, कारण ॲप ते करणार नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय आहे. त्यावर पृष्ठाची उंची आरंभबिंदूपाशी ० पासून (२, ०) पाशी ४ पर्यंत जाते आणि केंद्रावर १ आहे. सरासरी उंची दीड निघणे पटण्यासारखे आहे, तीन निघणे पटत नाही, कारण वर्तुळाचा फारच लहान भाग तीनच्या वर आहे. इतका अंदाज परीक्षेच्या हॉलमध्येही करता येतो.

त्रिमितीत मर्यादा लिहिण्याचे काम मी म्हणूनच दोन पायऱ्यांत करवून घेतो. वरून पाहायचे आणि क्ष-य प्रतलावरच्या सावलीच्या सीमारेषेवरून बाहेरच्या दोन मर्यादा लिहायच्या. मग सावलीतला एक बिंदू निवडून तिथे उभी काठी रोवायची आणि ती काठी कोणत्या पृष्ठातून आत शिरते व कोणत्या पृष्ठातून बाहेर पडते ते पाहून आतली मर्यादा लिहायची. ही काठी ॲपमध्ये खरोखर काढता येते. बिंदू बोटाने सरकवत सावलीभर फिरवला आणि काठीची टोके सगळीकडे त्याच दोन पृष्ठांवर राहिली तर एकच संकलन पुरते. वाटेत पृष्ठ बदलले तर सावलीचे तुकडे करावे लागतात. कुठे तुकडा करायचा, हेही तीच काठी दाखवते.

नेहमी भेटणारे काही अडथळे आता पटापट सांगतो. काही ॲपांत कोन अंशांत मोजण्याची व्यवस्था सुरू असते. तसे असेल तर झ = साइन(क्ष) हे −१० ते १० मध्ये जवळजवळ सपाट दिसते, कारण १० अंशांचा साइन जेमतेम ०.१७ आहे. रेडियन निवडले की लाटा परत येतात. क्ष चा १/३ घात लिहिला तर काही ॲपे ऋण क्ष साठी काहीच काढत नाहीत आणि अर्धा आलेख गायब होतो. अशा वेळी घनमुळाची वेगळी आज्ञा वापरावी. झ = १/(क्ष − य) सारख्या सूत्रात कर्णावर एक उभी भिंत दिसते. ती भिंत पृष्ठाचा भाग नाही, ॲपने −२ वरची गाठ आणि २ वरची गाठ जोडून टाकलेली आहे. झ-अक्षाची मोजपट्टी ॲपने स्वतः बदलली असेल तर अर्धगोल ताटलीसारखा चपटा दिसतो, त्यामुळे चित्र पाहताना आधी तिन्ही अक्षांवरचे आकडे वाचण्याची सवय लावावी.

गोलाचे थोडे सविस्तर सांगतो. झ = √(२५ − क्ष² − य²) लिहिले की अर्धगोलाची तळाकडची कडा फणीसारखी दातेरी येते. त्या कडेवर जाळीचे काही बिंदू वर्तुळाच्या बाहेर पडतात, तिथे वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि किंमतच मिळत नाही. त्याऐवजी क्ष² + य² + झ² = २५ असे समीकरण जसेच्या तसे लिहावे. मग ॲप जाळी प्रतलावर न टाकता अवकाशात टाकते, लहान लहान घन करते आणि प्रत्येक घनाच्या कोपऱ्यांवर डावी बाजू २५ पेक्षा कमी आहे की जास्त ते पाहून त्यातून जाणारा पृष्ठाचा तुकडा ठरवते. अशा कामाची सर्वांत परिचित पद्धत विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. ती वैद्यकीय स्कॅनच्या आकड्यांवरून अवयवाचे पृष्ठ काढण्यासाठी होती. बाजूला ४० भाग घेतले तरी ६४,००० घन तपासावे लागतात, त्यामुळे अशी दोन-तीन समीकरणे एकदम लावली की टॅबलेट तापतो आणि फिरवताना अडखळतो. तो बिघडलेला नाही. एका वेळी एकच समीकरण दृश्य ठेवावे, बाकीची लपवावीत.

आपल्या मुलीसाठी मी सुचवेन तो क्रम असा. रोज एकच पृष्ठ, पाऊण तास. पहिली वीस मिनिटे टॅबलेट बंद आणि वही उघडी, तीन छेद आणि वरून दिसणारी सावली पेन्सिलीने. नंतर दहा मिनिटे ॲपमध्ये तेच छेद स्लायडरने पडताळणे आणि जिथे जुळले नाही तिथे वहीत लाल खूण. उरलेल्या वेळात हवे तेवढे पृष्ठ फिरवावे, त्याचा आनंदही घ्यावा, तो घेण्यासारखाच आहे. सुरुवात झ = क्ष² + य² पासून करावी, मग खोगीर, मग दोन तळ्यांचे पृष्ठ, मग वरचे नळी-वाटीचे उदाहरण. लिमिटचे उदाहरण पाचव्या दिवशी घ्यावे, कारण त्यात जाळी समजलेली असणे आवश्यक आहे.

पहिल्या चार दिवसांत लाल खुणा जास्त आल्या तर घाबरू नका. त्या नेमक्या कोणत्या छेदावर येतात ते पाहून इथेच लिहा. क्ष किंवा य स्थिर ठेवलेल्या छेदांवर येत असतील तर वक्र कच्चे आहेत आणि झ स्थिर ठेवलेल्या छेदांवर येत असतील तर समीकरण सोडवणे कच्चे आहे. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि कोणता लागू पडतो ते मला त्या वहीवरून सांगता येईल.